पितळी काटेरी तार, 1/35: पावसाळा उलटल्यावरचं मत

डायोरामा, म्हणजे 1/35 प्रमाणातला छोटा देखावा, श्टालाग लुफ्ट 3 चा आहे: दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी, जिथून कैदी बोगद्यातून पळाले. सागान, उत्तर आवार, मार्च 1944. छावणीच्या देखाव्यात नजर आधी कुंपणावर जाते, म्हणून पैसेही तिथेच जातात. फोटो-एच (रसायनाने पत्रा कोरून केलेल्या) पितळी तारेचं पाकीट नवं असताना सुरेख दिसतं. पावसाळा उलटला आणि कुंपण जागोजागी सुटलं. लाकडी खांब दमट हवेत फुगतात, मग सुकून आकसतात. गुळगुळीत पितळेवरचा सुपरग्लूचा टाका कडक असतो, ताण आला की वाकत नाही, सरळ तुटतो. विक्रेत्याने कळवलं की चिकटवणं ही ग्राहकाची जबाबदारी.

पण मूळ दोष गोंदात नाही, तार चपटी आहे त्यात आहे. पत्रा कोरून केलेली पट्टी ती. काटेसुद्धा एकाच पातळीत. समोरून तार वाटते, तिरकं पाहिलं की फीत. खरी तार दोन पदर धरून 5 मिमीच्या आसपास, म्हणजे 1/35 मध्ये जेमतेम 0.15 मिमी. पाकिटातली पट्टी 0.3 मिमी रुंद, खऱ्या मापात सेंटीमीटरभर. एवढ्या किमतीत हे पटत नाही.

त्यापेक्षा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून 44 गेजची तांब्याची तार घ्या. जाडी 0.08 मिमी, दोन पदर पिळले की माप बरोबर जमतं. 10 ग्रॅममध्ये दोनशे मीटरच्या वर येते. उरलीसुरली रीळ मिळाली तर आणखी स्वस्त. साठेक सेंटीमीटरचा तुकडा दुमडा, दुमड खिळ्यात अडकवा, दोन्ही टोकं हातड्रिलच्या चकमध्ये धरा आणि सावकाश पीळ द्या. घाई केली की तार चकपाशीच तुटते. काट्यासाठी त्याच तारेचे दोन वेढे, पातळ सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकाने, आणि नेलकटरने अर्धा मिमी ठेवून काप. प्रत्येक खांबाला एक वेढा द्या, गोंदावर विसंबू नका. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. रंग आधी दिला तर वाकवताना सोलतो. म्हणून तार ताणून झाल्यावरच करडा प्रायमर.

हिशेब आधी करा. कुंपण दुहेरी. 30 सेंमी लांबीला 20 ओळी धरल्या तर दोन्ही मिळून 12 मीटर तार. दर 3 मिमीला काटा म्हणजे चार हजार काटे! पुढच्या कुंपणाला 6 मिमीवर काटे द्या आणि मागचं नुसतं पिळलेलं ठेवा, फरक कळत नाही. खांब 3 मीटरचे, म्हणून 86 मिमी, शिवाय 10 मिमी पायात.

आता पाकिटाच्या बाजूने एक गोष्ट. दोन कुंपणांमध्ये तारेची भेंडोळी असतात. तीच पितळी पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून तिथे टाकली तर चपटेपणा वळणांत हरवतो, आणि पितळ आकारही धरून ठेवतं. तेवढ्यापुरतं एक पाकीट घ्यायला हरकत नाही. कुंपणासाठी नको.

आणि गंज नको! उत्तर आवार मार्च 1943 च्या अखेरीस उघडलं. कैदी पळाले त्या रात्री तार जेमतेम वर्षभराची होती. फिकट करडा रंग, खाली थोडा बर्फ.

बाकी सामानाचं थोडक्यात. 54 मिमीच्या आकृत्या 1/32 च्या जवळ जातात, 1/35 च्या दाराशी उभ्या केल्या की दार बुटकं दिसतं. तयार बंक-पलंग सगळ्या फळ्यांसकट येतात, ते चुकीचं आहे: बोगद्यांच्या टेकूसाठी सुमारे 4,000 फळ्या काढल्या गेल्या. बऱ्याच फळ्या काढून टाका. नवा पलंग करायचा तर सुताराकडचं अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर पुरतं. आइसक्रीमच्या काड्या फार जाड पडतात. कैदी ज्यातून पळाले तो ‘हॅरी’ बोगदा जेमतेम दोन फूट चौरस होता, म्हणजे छेदात 17 मिमी. हवेच्या नळीसाठी क्लिम दूधपावडरचे डबे जोडले होते, त्याला 3 मिमीचा प्लॅस्टिक रॉड, डब्याडब्यावर सुरीने कोरलेली रेघ.

मातीचा रंग मात्र तयार बाटलीतला घेऊ नका. वरचा थर राखाडी, खालची वाळू उजळ पिवळी. त्या फरकामुळेच कैद्यांना खणलेली वाळू लपवणं इतकं कठीण गेलं. चाळलेली बारीक वाळू पातळ फेव्हिकॉलवर टाका, वर राखाडी पिगमेंट, आणि ‘हॅरी’ जिथून सुरू झाला त्या 104 नंबरच्या बराकीजवळ दोन-तीन ठिकाणी पिवळं किंचित उघडं राहू द्या.