एएनएम की जीएनएम?

मामेबहीण बारावी झाली अन् इथंच अडली. दोन्ही नर्सिंगचेच कोर्स: एएनएम (सहाय्यक परिचारिका अन् सुईण) 2 वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अन् मिडवायफरी) 3. घर कापसावर चालतं, तिथं एका वर्षाची फी अन् मेस वाचणं मोठी गोष्ट.

पण काम पाहा. एएनएमला गावातलं आरोग्य उपकेंद्र: निकषानं सपाट भागात 5000 लोकांमागे एक, मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात 3000. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, मे महिन्याच्या उन्हात गृहभेटी, बरेचदा एकटीनं. जीएनएमला वॉर्ड अन् रात्रपाळी. माझेही पाय सुजतात, पण अडल्यावर हाक मारायला शेजारी सिस्टर असते. शिवाय पुढे 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी, करता येतं. एएनएमवरून थेट नाही.

घराला लवकर हातभार हवा, गावातच राहायचं, तर एएनएम. वॉर्डात शिकायचं, पुढं जायचं, तर जीएनएम. तिला मी जीएनएमच सांगितलं.