भाजलेल्या पायावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल : पाचपैकी दोन तारे

400 मिलिग्रॅमची ही मऊ कॅप्सूल मागायला आमच्या गावात नाव सांगावं लागत नाही. ‘ते हिरवं दे’ म्हटलं की मेडिकलवाला गोळ्यांचा पत्ता काढून देतो. चेहऱ्याला, केसांना, सगळ्यालाच लावतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत न्हाणीतल्या चुलीवरचा गुंड उतरवताना आईच्या पायावर कढत पाणी सांडलं. मोठीआई पत्ता घेऊनच आली. “दवाखाना काऊन? हे फोडून लाव, डाग बी राह्यत नाही.”

पिन टोचली की मधासारखं दाट तेल बोटावर येतं. वास नाही, आगही होत नाही, एवढं मान्य. पण चिकट किती! ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता, त्याचे तंतू आणि धूळ सगळी फुटलेल्या फोडांवर येऊन बसली. वरून बांधलेलं फडकं सोडताना सालपट सोबत निघालं. पुढं पिवळा पू, वास, भोवतीची कातडी लाल आणि गरम. त्यात आईला शुगर.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर पाय बघून एवढंच म्हणाल्या, “आता आधी हे तेल काढू द्या.” सलाइननं धुतलं, मेलेली कातडी काढली, सल्फाची अॅलर्जी आहे का विचारलं आणि पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम लावून पट्टी केली. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी शुगर तपासून अँटिबायोटिक लिहून दिलं. पाय सुधारला तो यानं. भाजल्या भाजल्या वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो, हेही तिथंच कळलं. गावात कोणी सांगत नाही, टूथपेस्ट मात्र सगळे सांगतात.

भाचा यवतमाळला डी.फार्म. करतो, त्याला विचारलं. म्हणाला, “मामा, 2011 साली जंतू शिरलेल्या जखमांच्या उंदरांना ई दिलं, तेव्हा अँटिबायोटिकचा गुण वाढला. पण अँटिबायोटिक होतंच ना सोबत! नुसतं तेल पू कसा हटवणार?” आणि मोठीआईचा तो डाग? 1999 साली मायामीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या व्रणांवर ई लावून पाहिलं. छोटाच अभ्यास, पण बहुतेकांच्या व्रणाला फरक नाही किंवा तो आणखी वाईट दिसायला लागला, आणि तिघांत एकाला कातडीवर पुरळ. मोठीआईला हे पटलेलं नाही, पटणारही नाही.

जखम पुरती भरल्यावर कोरड्या कातडीला लावायचं तर लावा, पण तेवढं काम घरचं खोबरेल करतं. ओल्या किंवा पू झालेल्या जखमेला मात्र बिलकूल नको. शुगरवाल्या माणसाचा पाय असेल तर मेडिकलच्या पायरीवर थांबूच नका, सरळ दवाखाना गाठा.

उरलेल्या कॅप्सूल मी रात्री टाचांच्या भेगांना लावून मोजे घालतो. तिथं बऱ्या चालतात. दोनपैकी एक तारा त्या टाचांचाच आहे, दुसरा स्वस्त मिळते म्हणून.