पतसंस्थेची जाहिरात या एजन्सीकडून करून घेतली, त्याचा अनुभव

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची शाखा सांभाळतो. आपल्याकडे पतसंस्था म्हटलं की लोकांच्या पोटात आधी गोळा येतो, कित्येक घरांच्या ठेवी वर्षानुवर्षं अडकल्यात, माझ्या मावशीच्या पण अडकल्या (दुसऱ्या संस्थेत). त्यामुळे जाहिरातीत काय लिहायचं याचं मला खरंच टेन्शन होतं.

पहिल्या मीटिंगला आमच्या संचालकांनी नेहमीचंच सांगितलं, मोठं फ्लेक्स, १३ जणांचे फोटो आणि वर 'ठेवी १०० टक्के सुरक्षित'. एजन्सीच्या ताईंनी सरळ विचारलं, साहेब ठेवींना विमा आहे का? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या फेब्रुवारीत तो १ लाखावरून वाढवला, पण पतसंस्थेला तो लागू नाही, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं पण बोलत कोणी नव्हतं. ताई म्हणाल्या मग ही ओळ मी छापणार नाही, दुसरीकडून छापून घ्या. मला तिथंच पटलं की काम यांनाच द्यायचं.

मग त्यांनी ठेवीदाराचा पैसा जातो कुठे तेच दाखवलं. यावलकडच्या आमच्या एका कर्जदाराला विचारून त्याच्या केळीच्या शेतात फोटो काढला, ठिबकची काळी नळी, तिच्या बाजूला टिश्यू कल्चरची गुडघ्याएवढी रोपं, माणूस कोणीच नाही, आणि ओळ एकच, 'तुमची ठेव सध्या इथं आहे'. खाली ऑडिट वर्ग (ऑडिटमध्ये संस्थेला मिळालेली श्रेणी) आणि कर्जाच्या थकबाकीचा आकडा. थकबाकी फ्लेक्सवर टाकायची म्हटल्यावर चेअरमन साहेब नाहीच म्हणाले होते, दोन मीटिंगा गेल्या त्यात. पण लोक काउंटरवर येऊन तोच आकडा विचारायला लागले आणि मला नीट समजावून सांगता आलं. २०१७ ला 'म्युच्युअल फंड सही है' आलं तेव्हा पण कुठल्या एका कंपनीची स्कीम विकली नव्हती, आधी लोकांची भीती काढली, तसंच हे.

दुसरं काम ऑनलाइन फसवणुकीवरचं, ते तर मला जास्तच आवडलं. पासबुकाच्या मागच्या कव्हरवर स्टिकर, 'ओटीपी कोनलेच सांगू नको' आणि मोठ्या अक्षरात १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा हेल्पलाइन नंबर. अमळनेर पारोळ्याला अहिराणी, यावल रावेरकडे लेवा बोलीत वेगळं छापलं, कारण तिकडचा माणूस अहिराणी वाचून आपलं समजत नाही. मागच्या महिन्यात एक रिटायर्ड गुरुजी एफडी मोडायला आले, हात थरथरत होते, फोन चालूच, समोरचा म्हणे पोलीस, डिजिटल अरेस्ट केलंय. आमच्या कॅशियर मॅडमनी पासबुक उलटं करून स्टिकरवर बोट ठेवलं, फोन कट करायला लावला आणि सांगितलं, गुरुजी, कायद्यात असली अरेस्टच नाही. एफडी वाचली. गुरुजी अर्धा तास बाकावर बसून होते.

तक्रारी पण आहेत. फ्लेक्स दिवाळीच्या आधी हवं होतं ते ४ दिवस उशिरा आलं, ऐन ठेवीच्या सीझनला. आर्टवर्क बदलायचे पैसे वेगळे लावले, आधी बोलले नव्हते, तेवढं कोटेशनमध्ये लिहून घ्या. रील्स ठीकठाक, त्यात जीव नाही.

अमळनेर शाखेचं काम यांनाच दिलंय.