हायब्रीड इन्व्हर्टर + लिथियम बॅटरी, गुहागरच्या खाऱ्या हवेत: बॅटरी झकास, ॲप रामभरोसे

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. बॅटरीला पाचपैकी पाच, इन्व्हर्टरला चार, ॲपला दोन आणि बसवणाऱ्या एजन्सीला जेमतेम अडीच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आतला माल बहुतेकांचा सारखाच असतो, वरचं स्टिकर तेवढं वेगळं. आणि खाली जे लिहिलंय ते तुमच्याकडे कुठल्याही कंपनीचं असलं तरी लागू पडेल.

घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून म्हणावं इतकं जवळ. पुढचा भाग चिऱ्याचा आणि कौलारू, मागे दोन खोल्या स्लॅबच्या, त्या आम्ही पर्यटकांना देतो. पॅनल स्लॅबवर, ५४० वॅटचे ६ म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या आसपास. इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा हायब्रीड, म्हणजे सोलर, लाईन आणि बॅटरी तिन्ही एकत्र सांभाळणारा. बॅटरी भिंतीवरची लिथियम, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर, म्हणजे गुणाकार केला की ५.१२ युनिट. ही लिथियम आयर्न फॉस्फेटवाली आहे, एलएफपी म्हणतात ती, मोबाईलच्या बॅटरीसारखी कोबाल्टवाली नाही. त्यामुळे पेट घ्यायची भीती बरीच कमी आणि आयुष्य जास्त. कागदावर सहा हजार सायकल, म्हणजे तितक्या वेळा भरून रिकामी करता येईल असं लिहिलंय, ते खरं की खोटं ते आमच्या पोरांना कळेल.

आमच्याकडे लाईट का जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात वळीव आला की गेली, जूनमध्ये झावळी तारेवर पडली की गेली, ऑक्टोबरात विजा कडाडल्या की गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता, पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते येऊन गेलं. आणि गंमत बघा, आमच्याच तालुक्यात अंजनवेलला १९६७ मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, ज्याला सगळा तालुका अजून एन्रॉनच म्हणतो. तो गॅसच्या तुटवड्यापायी आणि भावापायी कित्येक वर्षं पूर्ण ताकदीने चालला नाही, पण चालला असता तरी काय, वीज मोठ्या लाईनने बाहेर जाणार आणि आमच्या डीपीवर माड पडला की आम्ही अंधारातच. म्हणजे वीज किती तयार होते हा प्रश्नच नाही आमचा, शेवटच्या दोन किलोमीटरचा आहे.

आता मुख्य मुद्दा, जो विकणारा कधीच सांगत नाही. आमच्याकडे आलेला माणूस म्हणाला, "साहेब, बॅटरीचे पैसे चार वर्षांत वसूल." अजिबात नाही. नेट मीटर असेल तर दुपारी जास्तीची वीज लाईनवर जाते आणि रात्री तेवढेच युनिट आपण परत घेतो, उरले तर मार्चअखेरपर्यंत पुढे ओढले जातात, म्हणजे पतपेढीत टाकून काढल्यासारखंच आहे आणि तेही फुकट. मग बिल कमी करायला घरात बॅटरी कशाला हवी? उलट बॅटरीत भरताना-काढताना थोडी वीज वाया जाते ती वेगळीच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान मिळतं, पण ते सोलरचं, बॅटरीला वेगळा एक पैसा नाही. आणि हायब्रीड अधिक बॅटरी घेतली की साध्या ऑन-ग्रीडच्या, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेल्या सोलरच्या, जवळजवळ दुप्पट खर्च होतो. तेव्हा बिलासाठी सोलर घ्या आणि लाईट राहावी म्हणून बॅटरी घ्या, दोन्हींचा हिशोब एकत्र करू नका. मी घेतली ती गिऱ्हाईक रात्री दोन वाजता उकाड्याने उठून "काका, पंखा बंद पडला" म्हणत दारात येतं म्हणून, आणि फ्रीजमधली सुरमई सडते म्हणून.

बरेच जण विचारतात की सोलर आहे ना, मग लाईट गेली तर दिवसा तरी चालेल ना. साध्या ऑन-ग्रीडवर नाही चालत! ऊन रणरणत असलं तरी बंद. कारण लाईन बंद करून वायरमन खांबावर चढला आणि आपला इन्व्हर्टर मागून करंट सोडत बसला तर त्याचा जीव जाईल, म्हणून लाईन गेली की इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घ्यायचं असा नियमच आहे. आमचा वायरमन पहिल्यांदा आला तेव्हा मीटरपाशी उभा राहून त्याने पहिला हाच प्रश्न विचारला, "मागे टाकत नाही ना ओ?" मी मेन पाडून दाखवला, घरातले पंखे चालू आणि इन्व्हर्टरकडून मीटरकडे जाणाऱ्या तारेला टेस्टर लावला तर काही नाही, मग चढला तो खांबावर. हायब्रीड हेच करतो, लाईनपासून घर तोडतो आणि घराचं वेगळं बेट करून चालवतो. बदल इतका पटकन होतो की वायफायचा राउटरसुद्धा रीस्टार्ट होत नाही. आधी दोन ट्युब्युलर, म्हणजे जुन्या शिशाच्या, बॅटऱ्या होत्या १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या, त्यांत ३.६ युनिट मावायचे पण निम्म्याच्या खाली नेल्या की लवकर मरतात, म्हणजे हाताला लागणार पावणेदोन, वर डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा बुरा घासा. आता त्यातलं काहीच नाही.

किती चालतं? पाच बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रात्रभर, फ्रीज, चार-पाच दिवे, राउटर. पंखे तीसेक वॅटचे आहेत म्हणून रात्रीचे सव्वा युनिट होतात, जुने पंचाहत्तर वॅटचे असते तर तीन. बॅटरीसाठी पैसे टाकायच्या आधी पंखे बदला, हे कोणी सांगणार नाही कारण त्यात कमिशन नाही. एसी लावला तर साडेतीन-चार तासांत बॅटरी संपते, म्हणून एसी बॅकअपच्या डीबीवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या स्विचबोर्डवर, घेतलाच नाही. पंप हा सगळ्यात मोठा ताप. विहिरीवर १ एचपीचा पंप, चालताना किलोवॅटभर पण सुरू होताना झटका कितीतरी पट, फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि पंप एकाच वेळी उठले की ओव्हरलोड दाखवून सगळं घर बंद. आता पंप दुपारीच लावतो, टाकी भरून ठेवली की झालं.

आता स्मार्टपणाकडे येऊ, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत तेच होतं. बसवून गेले तेव्हा सेटिंग सेल्फ-युज मोडवर होतं. म्हणजे संध्याकाळी सूर्य गेला की घर आधी बॅटरी खाणार आणि रात्री अकरापर्यंत ती तळाला नेणार. मग लाईट गेली दोन वाजता, आणि बॅटरीत १२ टक्के! मग हा एवढा खटाटोप कशासाठी? एजन्सीला फोन केला तर "सर ते बाय डिफॉल्ट तसंच असतं". पुण्या-मुंबईला ठीक असेल. आमच्याकडे रिझर्व्ह नावाचं एक सेटिंग (लाईट असताना बॅटरी त्याच्या खाली उतरू देत नाही ते) शोधून जून ते ऑक्टोबर ७० टक्क्यांवर ठेवायचं आणि ग्रीड चार्जिंग, म्हणजे लाईनवरून बॅटरी भरणं, चालू करायचं, कारण आषाढात सलग पाऊस लागला की पॅनल दिवसाला नावापुरते दोन-तीन युनिट देतात आणि तेवढ्यात घर भागवून बॅटरी भरत नाही. उन्हाळ्यात हेच पॅनल बारा-तेरा देतात. या दोन सेटिंगसाठी मी इन्व्हर्टरचा एक तारा कापलाय असं समजा, कारण ती मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर आहेत आणि भाषांतर असं की वाचून हसावं का रडावं.

ॲपमध्ये बॅटरीचे टक्के बघून विश्वास ठेवू नका, हे दुसरं. पावसाळ्यात एकदा ३४ टक्के दाखवत होतं आणि बघता बघता ९ वर आलं, आई म्हणाली बॅटरी गेली रे बाबा. गेली नव्हती. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे आतल्या बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला) नुसतं व्होल्ट बघून किती उरलंय ते कळत नाही, आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज धरावा लागतो आणि तो अंदाज हळूहळू चुकत जातो. पंधरवड्यातून एकदा पूर्ण १०० वर नेऊन तासभर तिथेच ठेवली की हिशोब परत जागेवर येतो. एजन्सीचं पोरगं मात्र बॅटरी बदलायचं कोटेशन घेऊनच आलं होतं, काय बोलणार.

आणि ॲप चालतं इंटरनेटवर. लाईट गेली की थोड्या वेळाने गावातला टॉवरही जातो, म्हणजे ज्या क्षणी बघायचं असतं त्याच क्षणी ॲप गोल गोल फिरत बसतं. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर सगळं दिसतं, तिथेच बघा. घेताना ब्लूटूथने थेट जोडता येतं का हे मात्र नक्की विचारा.

व्होल्टेजचं एक सांगायचं राहिलं. आमचं घर लाईनच्या शेपटाला, संध्याकाळी १७० च्या खाली येतं. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर तो हे लाईट गेल्यासारखंच धरतो आणि रोज विनाकारण बॅटरीवर जातो. दुसरा मोड असतो घरगुती उपकरणांचा, त्यात ९० व्होल्टपर्यंत धरून ठेवतो, पण मग फ्रीजला स्टॅबिलायझर हवा. उलट दुपारी वाडीतले दोन-तीन सोलर एकदम मागे टाकायला लागले की व्होल्टेज चढतो, आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद, ऐन उन्हात.

इथे खरं तर या वस्तूचं भविष्य आहे असं मला वाटतं. वाडीतल्या दहा घरांच्या बॅटऱ्यांनी ठरवून दुपारी चार्जिंग घेतलं आणि संध्याकाळी सोडलं तर दोन्ही दुखणी एकदम बरी होतील. तो विकणारा "व्हर्च्युअल पॉवर प्लांट" म्हणाला ते हेच, फक्त ते आज आमच्या गावात नाही आणि त्याने ते आज असल्यासारखं विकलं. साठवणूक आपल्याकडे नवी थोडीच आहे, रायगडात भिऱ्याला १५० मेगावॅटचं आणि नगर-ठाण्याच्या हद्दीवर घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र आहे, स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं, हे चालूच आहे. कोयनाही संध्याकाळची मागणी चढली की धावून येते, तिचं अवजल चिपळूणला वाशिष्ठीत उतरतं ते आपण बघतोच. फरक एवढाच की आता दुपारी सोलरची वीज जास्त होते आणि अडचण सूर्य मावळल्यावर येते. म्हणून केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सोलरच्या तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायचं आलंय आणि स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर बसतायत. दिवसा-रात्रीच्या दरातला फरक खूप वाढला आणि नेट मीटरची आजची सवलत आटली, तर तो माणूस म्हणत होता ती वसुली खरी होईलही. आज तरी नाही.

खारी हवा. पॅनलचं स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड सांगून साधं दिलं, पहिल्याच पावसाळ्यात नट-बोल्टांनी गंज सोडला, स्लॅबवर तांबडे ओघळ. समुद्राजवळ नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा, ३०४ पण डागाळतं. इन्व्हर्टर पडवीत ठेवला तर आत पाली आणि मुंग्या जातात, बोर्डवर पाल शॉर्ट झाली की वॉरंटीवाले कानावर हात ठेवतात, म्हणून खोलीच्या आत घ्या आणि हवा खेळती ठेवा. अर्थिंगला कंजुषी नको. आमच्या खाली सगळा जांभा, पावसाळ्यानंतर कोरडा पडला की अर्थिंग नुसती नावाला, आणि विजा नेमक्या तेव्हाच. केमिकल अर्थिंगचे खड्डे आणि एसी-डीसी दोन्हीकडे (लाईन आणि पॅनल) विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. बॅटरी जमिनीवर उभी करू नका, चिपळूणच्या माझ्या मावशीकडे २२ जुलै २०२१ च्या पुरात जुना इन्व्हर्टर पाण्याखाली गेला होता, तेव्हापासून आमच्यात सगळेच खांद्याच्या वर बसवतात.

सर्व्हिसचं काय सांगू, माणूस लांबून येतो, पावसाळ्यात घाट बंद म्हणून येत नाही आणि गणपतीत तो स्वतःच गावी असतो. फोन मात्र उचलतात, त्याचे अर्धा मार्क.

मुंबईकर चाकरमान्यांचं घर असेल, गणपती आणि मे महिना सोडून कुलूप, तर यात पडू नका. हायब्रीड इन्व्हर्टर नुसता चालू राहायला चाळीस-पन्नास वॅट खातो, दिवसाचं एक युनिट असंच जातं, आणि बॅटरी महिनोन् महिने भरून पडून राहणं तिलाही मानवत नाही. त्यांना साधा ऑन-ग्रीड आणि एक छोटा जुना इन्व्हर्टर पुष्कळ झाला. घरात म्हातारी माणसं, नेब्युलायझर, इन्सुलिन, खोल्या भाड्याने देणं यातलं काही असेल तर डोळे झाकून घ्या, फक्त रिझर्व्हचं सेटिंग त्या पोराला जाण्याआधी तुमच्यासमोर करायला लावा.