गुलमर्गचा अख्खा हंगाम: बर्फ कसा होता, रांग केवढी होती

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "बर्फ होता का?" हो किंवा नाही म्हणून या प्रश्नाचं भागत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. जाण्याआधी मराठीत जे काही वाचायला मिळालं ते सगळं चार दिवस जाऊन आलेल्यांनी लिहिलेलं होतं. चार दिवसांत गुलमर्ग एकतर स्वर्ग ठरतं, नाहीतर पैसे पाण्यात. मी २१ डिसेंबर २०२४ ला पोचले आणि १६ मार्च २०२५ ला निघाले, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायला नाशकात हजर.

माझ्याबद्दल थोडं. राहते गंगापूर रोडला, माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. काम लॅपटॉपवरचं, तेही दुपारी दोननंतरचं, त्यामुळे टंगमर्गला खोली घेतली आणि रोज सकाळी शेअरिंगच्या सुमोने १३ किलोमीटर वर जायचं असं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी स्कीइंगचा बेसिक कोर्स केला होता. म्हणजे उभं राहता येत होतं, वळता येत होतं, आणि थांबायची वेळ आली की सप्तशृंगी आठवत होती.

डायरीतला हिशोब असा: ८६ दिवसांपैकी पायात स्की चढवली ४१ दिवस. गोंडोलाच्या, म्हणजे केबिनवाल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर गेले ११ वेळा. आणि ज्याला मनापासून "बर्फ होता" म्हणता येईल अशा सकाळी मिळाल्या चार. फक्त चार. त्यांतल्या तीन एकाच आठवड्यातल्या.

मी पोचले त्याच दिवशी चिल्ले कलां सुरू झालं, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. २७ डिसेंबरला आभाळ भरून आलं आणि २८ च्या सकाळपर्यंत सगळं पांढरं. खाली काझीगुंडकडे महामार्गावर गाड्या अडकून पडल्या होत्या, आणि इकडे घरमालकांचा धाकटा एक घडी केलेला कागद माझ्या हातात देऊन पळाला. उघडला तर आत चिमूटभर बर्फ. नव शीन मुबारक! शीन म्हणजे बर्फ. नवा बर्फ असा गुंडाळून कुणाच्या हाती दिला आणि त्याने बेसावधपणे घेतला, की मेजवानी त्याच्या गळ्यात. मी कांदेपोहे घातले. घरमालक चाचांनी चाखत विचारलं, "नासिक का प्याज़?" कांदा तिथल्याच दुकानातला होता, पण मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन. "पडला का गं तिकडं बर्फ?" म्हटलं, फूटभर पडला. "मंग इकडं आभाळ आलंच म्हणायचं. फवारणीला माणसं सांगून ठेवतो." मी स्कीच्या धुंदीत होते, पण त्यांचं बरोबर होतं. काश्मीरला बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात आणि हिमालयाला धडकतात. त्यांचा जोर खालपर्यंत पोचला तर आपल्या उत्तर महाराष्ट्रात ढगाळ हवा, अवकाळी, कधी गारपीट. घड भरायच्या दिवसांत तीन दिवस ऊन नाही पडलं की द्राक्षावर डावणी आणि भुरी हे रोग ठेवलेलेच. पुढचे अडीच महिने आम्ही बापलेक एकच उपग्रहाचं चित्र बघत होतो. मी ढग यावेत म्हणून, ते येऊ नयेत म्हणून. जानेवारीभर अण्णा खुशीत होते. त्यावरून माझं काय झालं असेल ते ओळखा.

जानेवारी कोरडा गेला. लोक म्हणतात "बर्फ नव्हता", तसं नव्हतं, होता. पण त्याचं काय होतं ते बघा. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, आणि त्याच पट्ट्यावरून रोज शेकडो स्की. आठवड्याभरात खालचे उतार काचेसारखे होतात. वळताना स्कीची धार घासते तेव्हा जो आवाज येतो तो करपलेल्या तव्यावर उलथनं खरवडल्याचा, दाताला कळ लावणारा. पडलात तर खांद्याला कळतं.

पट्ट्यांच्या बाहेर, देवदारांमध्ये, वेगळंच चाललेलं असतं. एके दिवशी आमच्या गाइडने काठीने बर्फात खड्डा केला आणि तळाचा बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवला. जाडा रवा! मूठ आवळली तरी लाडू वळेना, बोटांतून सरसर निसटत होता. थर पातळ आणि रात्री थंड असल्या की जमिनीची ऊब खालून वर येते, वाफ थरातून सरकते आणि तळाच्या कणांचे असे सुटे, टोकदार दाणे होतात. एकमेकांना धरून न राहणारे. गाइड म्हणाला, "यह याद रखना. फरवरी में इसी पर नई बर्फ़ बैठेगी." रव्यावर बांधलेलं घर. तेव्हा नुसतं ऐकलं, अर्थ नंतर कळला.

याच महिन्यात खालच्या उतारावरच्या ओढत नेणाऱ्या लिफ्टने माझी शोभा केली. दांडीच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते, ती मांड्यांमध्ये घ्यायची आणि उभं राहायचं. उभं. बसायचं नाही. आपल्याला सवय अशी की बुडाखाली काही आलं की टेकायचं. मी टेकले, दोरी लांबली, मी मागे, स्की पुढे, आणि मागून येणाऱ्या दिल्लीच्या शाळकरी पोराने अत्यंत आदराने मला वळसा घातला. तीन वेळा. चौथ्यांदा लिफ्टवाल्या काकांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "दीदी, नमाज़ की तरह सीधी खड़ी रहो." जमलं.

फेब्रुवारीत तर परिस्थिती अशी की खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा, ज्या २२ तारखेपासून गुलमर्गला व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी पुढे गेल्या. मार्चमध्ये ९ ते १२ ला झाल्या. स्लेजवाले उन्हात बसून कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, शेकत होते. नाशिकहून एका पॅकेजवाल्याबरोबर आलेलं एक कुटुंब भेटलं. "बर्फ गॅरंटी" म्हणून त्यांना आणलं होतं, म्हणे. मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मीच ढग अडवून ठेवलेत. बर्फाची हमी कुणीही देत असेल तर त्याच्याकडून छत्रीसुद्धा विकत घेऊ नका.

मग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ आला. असा आला की तीन दिवस खिडकीतून समोरचं घर दिसेना. हवामानाच्या ॲपमध्ये मिलीमीटर दिसले की मी सेंटीमीटर वाचायला शिकले होते: अंदाज घ्यायला १० मिलीमीटर पाणी म्हणजे साधारण १० सेंटीमीटर बर्फ, थंडी जास्त असेल तर त्याहून थोडा अधिक. आकडे वाढतच होते. अण्णांना फोन करायची हिंमत झाली नाही.

आता रांगेबद्दल, कारण बर्फ पडला म्हणजे तो मिळाला असं नाही.

गोंडोलाचे दोन टप्पे. गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला, १९९८ पासूनचा, नऊ-दहा मिनिटांचा. कोंगडोरीवरून अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत दुसरा, २००५ चा, बारा मिनिटांचा. खरं स्कीइंग दुसऱ्यावर. एका केबिनमध्ये सहा माणसं, आणि क्षमता तासाला साधारण ६०० जणांची सांगतात. म्हणजे पुढे तीनशे डोकी दिसली की अर्धा तास, सहाशे दिसली की तास. हा हिशोब पाठ करा, मन शांत राहतं. वणीच्या गडावरच्या ट्रॉलीला नवरात्रात उभं राहिलेल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. फरक इतकाच, की इथे उणे आठमध्ये, पायात सिमेंटच्या बुटांसारखे स्कीचे बूट, आणि खांद्यावर स्की, ज्यांची टोकं वळताना कुणाच्या तरी कानाशी जातात.

रांगेत दोन जाती असतात. भाड्याचे गमबूट आणि लांब कोट घातलेले पर्यटक, आणि स्कीवाले. जानेवारीत, बर्फ काच झालेला असताना, पर्यटक भरपूर आणि स्कीवाले आळसावलेले. आकाश निळं, वारा नाही, दोन्ही टप्पे चालू. ताज्या बर्फानंतर उलटं होतं. वारा असतो, वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो, म्हणून दुसरा टप्पा बंद राहतो, आणि राहायलाच हवा. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेला होता. जानेवारीतला तो रवा आठवा. त्याच्यावर दोन-अडीच फूट नवा थर बसलाय आणि उतार तीस-चाळीस अंशांचा आहे. कुणी घाई करावी?

तर बर्फ उत्तम तेव्हा रांग हलत नाही, आणि रांग पळते तेव्हा बर्फ बेकार. हे कळायला मला दोन महिने लागले.

त्या चारांतली एक सकाळ सांगते. बर्फ थांबून दोन दिवस झाले होते, ऊन पडलं होतं, दुसरा टप्पा बंदच. कोंगडोरीला आम्ही दीडदोनशे जण, नऊ वाजल्यापासून. वरच्या बाजूने मध्येच धप्प असा दबका आवाज यायचा, गस्तीची माणसं उतार मोकळे करत होती, आणि प्रत्येक आवाजाला सगळ्या माना वर. कुणी मॅगी खातंय, कुणी बिप लावून बघतंय. बिप म्हणजे छातीवर बांधायचं ट्रान्समीटर, त्याच्यासोबत फावडं आणि लांब सळई, या तीन वस्तू नसतील तर पट्ट्याबाहेर पाऊल टाकू नका. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत काढला तर आशा असते, पुढे झपाट्याने कमी होते. तितक्या वेळात बाहेरून मदत येत नाही, शेजारीच काढतो. म्हणून मी शेजाऱ्याकडे नीट बघून घेतलं. पोलंडचा एक म्हातारा होता, दाढीला बर्फाचे मणी. त्याने मला अर्धं चॉकलेट दिलं, मी त्याला चिवडा. शेंगदाणे वेचून त्याने शेवटी ठेवले.

अकरा चाळीसला रिकाम्या केबिनी हलायला लागल्या. कुणी काही बोललं नाही. एक सेकंद पूर्ण शांतता, मग दीडशे जोडी बुटांचा एकदम खडखडाट. रांग म्हणून जी काही होती ती कढईतल्या दुधासारखी वर आली. धक्का लागला, हातमोजा पडला, उचलला. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी आईने लहानपणी शिकवलेलं, कोपर बाहेर, पाऊल बारीक, डोळा पुढच्याच्या पाठीवर. अठराव्या केबिनमध्ये बसले.

वरून जे झालं त्याला मराठीत शब्द शोधतेय. चाळलेली तांदळाची पिठी असते ना, परातीत हात फिरवला की बाजूला होते पण आवाज करत नाही, तसं. गुडघ्याच्या वर. मी काही भारी स्की करत नव्हते, गाइडच्या मागे मागे, मोकळ्या केलेल्या भागातच, तीन वेळा तोंडावर पडले आणि तिन्ही वेळा हसत उठले. पिठीत पडलं की लागत नाही, फक्त स्की शोधायला दहा मिनिटं जातात. खाली येऊन पुन्हा रांगेत गेले तेव्हा दीड वाजला होता. दोनला मीटिंग. ती मी कोंगडोरीच्या पायरीवर बसून, कॅमेरा बंद ठेवून केली.

मार्चचा बर्फ अजून वेगळा. रात्री गोठतो, सकाळी दगड, दुपारी चिखल. मध्ये साडेदहा ते बारा असा दीड तास, जेव्हा वरचा बोटभर थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा सुटा होतो. स्की त्याच्यावर लोण्यासारखी फिरते. माझ्यासारख्या मध्यम माणसाला हाच सगळ्यात मानवला. रांगही निम्मी.

तक्रारी आहेत. भाड्याच्या एका दुकानाने दिलेले बूट टाचेला अर्धा इंच ढिले होते. दोन आठवडे मला वाटत राहिलं माझंच तंत्र चुकतंय. टाच उचलली जात असेल तर बूट बदला, लाजू नका. नाशकातून घेतलेल्या जॅकेटवर वॉटरप्रूफ लिहिलं होतं. ते पावसाळ्यातल्या रिक्षाप्रवासाइतकंच वॉटरप्रूफ निघालं. फोन थंडीत ४० टक्क्यांवरून थेट बंद पडतो, आतल्या खिशात ठेवा. दुसऱ्या टप्प्याच्या वर उंची पावणेचार ते चार हजार मीटरच्या घरात आहे, पोचल्या दिवशीच गेलात तर डोकं ठणकेल. आणि बर्फ पडल्यावर टंगमर्गपासून वर साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच सोडतात, वेळेचं गणित तिथेच कोलमडतं.

तारखा विचाराल तर मी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला आठवडा म्हणेन, आणि किमान दहा दिवस. चारच दिवस असतील तर दुसऱ्या टप्प्याची आस सोडून जा, खालचे उतार आणि हरिसा (मटणाचा काश्मिरी पदार्थ) एवढ्यावर समाधान मानायची तयारी ठेवून. बर्फाला यंदा पाचपैकी अडीच. रांगेला गुण देत नाही, तिच्याशी माझं आता जमलंय.

चाचांना पुढच्या डिसेंबरची खोली सांगून ठेवली आहे, आगाऊ काही दिलेलं नाही. बागेतला माल निम्मा गेला, निम्मा अजून वेलीवर आहे. काल अण्णांनी सकाळी सहाला फोन करून विचारलं, "तुझ्या त्या ढगाच्या नकाशात काय दिसतंय?" बघून सांगितलं, शुक्रवारपर्यंत मोकळं आहे. म्हणाले, "बरं. मग उद्यापरवा उरलेला तोडून घेतो."