डिपार्टमेंट स्टोअरचा परफ्यूम विभाग: वास तिथे घ्यावा, निर्णय घरी

डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरल्यावर बरेचसे ग्राहक परफ्यूमचे काउंटर ओलांडून सरळ पुढे जातात. माझ्या मते मात्र संपूर्ण दुकानातील सर्वांत मोलाची सोय तीच आहे, कारण शंभरहून अधिक वर्षांच्या सुगंधनिर्मितीतील नामांकित रचना तिथे हाताशी असतात आणि त्या हुंगण्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. अर्नेस्ट बो यांनी घडवलेले १९२१ चे शनेल नंबर फाइव्ह, १९२५ चे गेर्लँचे शालिमार आणि १९९२ मध्ये आलेले म्युग्लरचे एंजल यांचा वास एकाच फेरीत, एकापाठोपाठ एक घेता येतो. शनेलमधील अल्डिहाइड या सुगंधी रसायनांची साबणासारखी स्वच्छ झळाळी आणि एंजलमधील एथिल माल्टोल या रसायनाचा तापलेल्या साखरेसारखा गोडवा यांत किती अंतर आहे, हे कुपीवरील वर्णन वाचून कधीच उमगत नाही. ऑनलाइन खरेदीत हे शक्य नाही, म्हणून या विभागाच्या गुणदोषांचा विचार करताना ही सोय मी सर्वांत वर ठेवते.

मांडणीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. परफ्यूम कंपनीनुसार लावलेले असतात, गंधाच्या जातकुळीनुसार नाही. त्यामुळे ज्याला लिंबूवर्गीय ताजेपणा हवा आहे किंवा चंदन, देवदार अशा लाकडी गंधांची आवड आहे, त्याला दहा काउंटरांवर तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. स्त्री आणि पुरुष ही विभागणी तर आणखी दिशाभूल करते. एडमोन रुडनिट्स्का यांनी १९६६ मध्ये दिऑरसाठी तयार केलेल्या ओ सोव्हाजमध्ये हेडिओन हा मोगऱ्याच्या कुळातील फुलांची हवेशीर छटा देणारा घटक ठळकपणे वापरला गेला आणि त्यानंतर तो असंख्य परफ्यूममध्ये आला. पुरुषांच्या फळीवर असल्यामुळे कित्येक स्त्रिया ओ सोव्हाजपर्यंत पोहोचतही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टेस्टरची, म्हणजे वास घेऊन पाहण्यासाठी ठेवलेली कुपी हातात घेतल्यावर आधी तिचे तोंड पाहावे. दिवसभर हाताळलेल्या कुपीच्या फवाऱ्याच्या छिद्राभोवती वाळलेल्या परफ्यूमचे चिकट, पिवळसर कडे जमलेले असते आणि पहिल्या फवाऱ्यात तो जुना, जड वास मिसळतो. म्हणून पहिला फवारा वाया घालवावा आणि दुसरा हातभर अंतरावरून कागदी पट्टीवर घ्यावा. पट्टी लगेच नाकाशी नेली तर प्रामुख्याने अल्कोहोलच जाणवते. ते उडून जाईपर्यंत थांबावे आणि पट्टीवर नाव लिहून ठेवावे, नाहीतर थोड्याच वेळात हातातील पट्ट्यांपैकी कोणती कशाची हे सांगता येत नाही. प्रखर दिव्यांखाली महिनोन्महिने उभ्या असलेल्या टेस्टरमधील लिंबूवर्गीय घटक उष्णतेने आणि प्रकाशाने लवकर बिघडतात. एखाद्या परफ्यूमची सुरुवात आंबूस किंवा बोथट वाटली, तर दोष रचनेचा नसून त्या कुपीचा असू शकतो.

खरी अडचण आहे ती वेळेची. काउंटरवरचा सौदा पहिल्या पंधरा मिनिटांत उरकतो, आणि परफ्यूमचा नेमका तेवढाच भाग सर्वांत अल्पायुषी असतो. शालिमारची सुरुवात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तजेलदार वासाने होते. तो वास लवकर विरतो आणि त्यानंतर कित्येक तास सोबत राहतो तो व्हॅनिलाचा आणि राळेचा उबदार, किंचित धुरकट थर. ज्याला सुरुवात आवडली त्याला शेवट आवडेलच असे नाही, आणि अंगावर दिवसभर वागवायचा असतो तो शेवटच. पट्टीवरून प्राथमिक निवड करावी, पण अंतिम कौल त्वचेकडूनच घ्यावा: एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि फार तर कोपराच्या लवणीत तिसरा. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. ऊब वाढून सुरुवातीचे हलके घटक अधिकच लवकर उडतात.

ओ द तोयलेत आणि ओ द पार्फं हे एकाच परफ्यूमचे सौम्य आणि तीव्र प्रकार आहेत, असे काउंटरवर सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. शनेल नंबर फाइव्हची ओ द पार्फं ही आवृत्ती झाक पोल्ज यांनी १९८६ मध्ये स्वतंत्रपणे रचली, आणि तोयलेतशेजारी ती हुंगली की घटकांचा तोलच वेगळा असल्याचे स्पष्ट जाणवते. दोन्ही टेस्टर मागून घ्यावेत आणि ‘जास्त टिकतो’ एवढ्या एका कारणावर महाग कुपी उचलू नये.

बऱ्याच काउंटरांवर नाक ताजेतवाने करण्यासाठी कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफी, लिंबू आणि साधी हवा यांच्या परिणामात फरक आढळला नाही. दुकानाबाहेर जाऊन मोकळ्या हवेत थोडा वेळ उभे राहणे किंवा स्वतःच्या कोरड्या बाहीचा वास घेणे पुरेसे आहे. काही कस्तुरीसदृश कृत्रिम रेणू तर अनेकांच्या नाकाला मुळीच जाणवत नाहीत, त्यामुळे ‘हा टिकतच नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी सोबतच्या माणसाला विचारावे.

विक्रेत्यांविषयी माझे मत संमिश्र आहे. एखाद्या एकाच कंपनीसाठी नेमलेला कर्मचारी शेजारच्या फळीवरील परफ्यूम सुचवणार नाही, हे मी समजू शकते. पण न विचारता अंगावर फवारा मारणे मला अजिबात मान्य नाही, कारण त्याने ग्राहकाची त्वचा त्या दिवसापुरती बाद होते आणि ज्यांना काही घटकांची ॲलर्जी आहे त्यांना त्रास होऊ शकतो. याउलट, आवडीचा एखादा गंध सांगितल्यावर त्याच कुळातील दोन-तीन कुप्या शांतपणे पुढे ठेवणारे आणि ‘संध्याकाळपर्यंत लावून बघा’ असे स्वतःहून म्हणणारे जाणकार विक्रेतेही मला भेटले आहेत. अशा काउंटरवर मी पुन्हा जाते आणि खरेदीही तिथेच करते.

नमुन्याच्या छोट्या शिश्या हा या सेवेतील सर्वांत कच्चा दुवा आहे. त्या पुष्कळदा खणात असतात, पण खरेदी केल्यावरच आणि तीही नुकत्याच आलेल्या परफ्यूमची शिशी हातात पडते. जो परफ्यूम ग्राहकाच्या विचाराधीन आहे त्याची नाही. तरीही स्पष्ट शब्दांत मागून पाहावी. मिळाली तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, थोड्या वेगळ्या हवामानात लावून बघता येते, कारण उन्हाळ्यात गुदमरवणारा परफ्यूम थंडीत सुखद वाटू शकतो. नाही मिळाली, तर मनगटावर एकच फवारा घेऊन रिकाम्या हाताने बाहेर पडण्यात कोणताही संकोच वाटण्याचे कारण नाही.