‘द डे ऑफ द जॅकल’ : नोंदवह्या सांभाळलेल्या वाचकाचा अनुभव

माझे वाचन मुख्यतः ग्रामीण कादंबऱ्या, आत्मचरित्रे आणि रोजची ‘ग्रामगीता’ एवढ्यापुरते. राजकीय थरारकथेच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो. फ्रेडरिक फोर्सिथ यांची 1971 सालची ही इंग्रजी कादंबरी मुलीने आणून दिली, म्हणून पेरणी आटोपल्यावर हाती घेतली. इंग्रजीचा सराव बेताचा असल्याने पहिले वाचन कपाशीच्या वेचणीपर्यंत रेंगाळले. दुसरे मात्र हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीच्या लाइनीची वाट पाहताना भराभर झाले.

कथा फ्रान्सची आहे. अल्जीरियाला 1962 मध्ये स्वातंत्र्य दिल्याचा राग धरून काही लष्करी अधिकारी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या जिवावर उठले. 22 ऑगस्ट 1962 रोजी पॅरिसजवळ त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला आणि त्यातून ते बचावले. इथवर इतिहास आहे. त्यापुढे कादंबरी सुरू होते : या अधिकाऱ्यांची गुप्त संघटना एक परका, भाडोत्री मारेकरी नेमते. द गॉल 1970 मध्ये आपल्या घरी वारले हे सर्वांना ठाऊक, म्हणजे बेत फसणार हे पहिल्या पानापासून उघड. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, आणि याचे कारण मला माझ्या जुन्या नोकरीत सापडले.

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. जन्माची नोंदवही वेगळी, मृत्यूची वेगळी. नमुना पाचचा, म्हणजे जन्माचा, दाखला मागायला आलेल्या माणसासाठी मृत्यूची वही उघडून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. कादंबरीतला मारेकरी नेमका याच फटीतून शिरतो. तो दफनभूमीत बालवयात वारलेल्या मुलाचे नाव शोधतो, लंडनच्या सॉमरसेट हाउसमधून त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्यावर पासपोर्ट मिळवतो. त्यात बंदूक नाही, पाठलाग नाही. एक अर्ज, थोडे शुल्क आणि सभ्य चेहरा. ती पाने वाचताना मला जी धास्ती वाटली, ती गोळीबाराच्या वर्णनाने वाटली नाही. (ज्यांना कथानक आधी कळलेले चालत नाही, त्यांनी पुढची दोन वाक्ये सोडावीत.) त्याचे हे खोटे नाव पोलिसांच्या हाती लागते तेही कारकुनी चिकाटीने, कारण अलीकडचे पासपोर्टचे अर्ज आणि मृत्यूच्या नोंदी अखेर शेजारी ठेवून ताडल्या जातात. पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो मात्र दुसऱ्याच नावाने फिरू लागलेला असतो.

लेबेल हा तपास अधिकारीही याच जातकुळीचा. तो ठेंगणा, मवाळ आणि घरी बायकोचा धाक असलेला. वरिष्ठांच्या बैठकीत त्याला कोणी फारसे मोजत नाही. त्याची हत्यारे म्हणजे टेलिफोन आणि हॉटेलांत भरून घेतलेल्या मुक्कामाच्या चिठ्ठ्या. रोज रात्री मंत्र्यापुढे अहवाल द्यायचा आणि त्याच बैठकीतून बातमी बाहेर फुटायची, हा भाग जिल्ह्याच्या आढावा बैठकांना बसलेल्या माणसाला परका वाटणार नाही.

उणिवा आहेत. स्त्री-पात्रे केवळ कथानक पुढे ढकलण्यासाठी आणली आहेत, मारेकऱ्याच्या मनात लेखक डोकावत नाही, आणि माणसाच्या आतड्याचे दुःख शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हे कोरडेपण दुसऱ्या वाचनातही खटकले. फ्रेंच नावे आणि पोलिसांच्या निरनिराळ्या शाखा लक्षात राहत नाहीत. मी एका कागदावर त्या लिहून ठेवल्या, तसे आपणही करावे.

माझी प्रत सध्या तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या पुतण्याकडे आहे. पहिला भाग फार लांबतो म्हणून तो थेट दुसऱ्या भागातल्या शोधमोहिमेपासून वाचू लागला. मला ते पटलेले नाही, कारण दाखल्याची सगळी हकिकत त्या पहिल्या भागातच आहे.